तुझ्या रूममेटचा प्रश्न

चि. सोनू हिस,
प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी एका दमात बोलून गेलीस आणि लगेच मेसच्या जेवणावर घसरलीस. मी दोन्ही ऐकल्या. एक म्हणजे, तुमचा देव एक की तीन, असं तुझ्या रूममेटने विचारलं आणि तुला उत्तर देता आलं नाही. दुसरी, विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते उपासनेत एकत्र म्हणायचं ते निवेदन, म्हणायला सगळे उभे राहतात तेव्हा तुला खोटं बोलल्यासारखं वाटतं, म्हणून हल्ली तू उपासनेला जात नाहीस. पप्पा म्हणाले, पाळकसाहेबांना विचारून मग लिही. मी म्हटलं, तिने मला विचारलंय.

आधी तुझ्या मैत्रिणीचं. प्रश्न चांगला आहे, आणि ती मुसलमान घरातली आहे म्हणजे तो तिने टवाळीसाठी विचारलेला नाही. देव एकच, यावर आपलं तिच्याशी भांडण नाही हे तिला पहिल्यांदा सांग. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मोशे म्हणतो, "हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे." सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं शास्त्र्याने विचारलं तेव्हा येशूने हेच वचन म्हणून दाखवलं. मार्कचा बारावा अध्याय काढून बघ.

आणि कृपा करून तिला पाणी, बर्फ आणि वाफ सांगू नकोस. आपल्या रविवारच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवतात आणि मला ते कधी आवडलं नाही. एकच देव कधी बाप होतो, कधी पुत्र, कधी आत्मा, असा त्याचा अर्थ होतो. मग अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता ती कुणाला? स्वतःलाच? ही कल्पना मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली होती. आपल्याकडे फळ्यावर अजून आहे.

खरं भांडण झालं ते पुढच्या शतकात. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात अरियस नावाचा एक धर्मगुरू शिकवायला लागला की पुत्र सगळ्यांहून थोर आहे खरा, पण तोही निर्माण केलेलाच. एक वेळ अशी होती की तो नव्हता. अरियस काही मूर्ख नव्हता. देवाचं एकपण जपावं म्हणूनच तो हे म्हणत होता, आणि लोकांना ते सोपं वाटत होतं. सन 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निकला, बिशपांची परिषद भरवली. 2025 मध्ये तिला 1700 वर्षं झाली. जमलेल्यांमध्ये असेही लोक होते ज्यांनी थोड्याच वर्षांपूर्वी रोमन सम्राट डायोक्लेशनच्या छळात ख्रिस्ताच्या नावासाठी हाल सोसले होते. त्यांच्यासाठी हा शब्दांचा खेळ नव्हता. अरियसला विरोध करणारा अथानासियस तेव्हा तरुण डीकन, म्हणजे बिशपचा मदतनीस, होता. पुढे बिशप झाल्यावर याच मुद्द्यापायी तो पाच वेळा हद्दपार झाला आणि साधारण 17 वर्षं त्याने परागंदा होऊन काढली.

एवढं काय अडलं होतं? मला ते वॉर्डातल्या भाषेत कळतं. रात्री दोन वाजता पेशंटचं बीपी पडतं, तेव्हा काही मोठे डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात, काही ज्युनियरला पाठवतात आणि एखादे असतात ते स्वतः उठून येतात. अरियसचं म्हणणं मानलं तर देवाने आपल्याकडे सर्वांत चांगला माणूस पाठवला, पण स्वतः वरच राहिला. अथानासियसचं म्हणणं, तो स्वतः आला. क्रुसावरचं दुःख त्याने दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकललं नाही. यावर तडजोड करायला तो तयार नव्हता, आणि मला वाटतं त्याचं बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या मैत्रिणीला सांगून बघ, पटली नाही तरी चालेल. योहान लिहितो, देव प्रीती आहे. आता विचार कर, आकाश नव्हतं, पृथ्वी नव्हती, माणूस नव्हता, देवदूतही नव्हते, तेव्हा देव कुणावर प्रीती करत होता? तो अगदी एकटा असता तर जग निर्माण करीपर्यंत त्याला प्रीती करता आली नसती. आपण आल्यावर ती सुरू झाली असती. पण वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. बाप, पुत्र आणि त्यांच्यातली ती प्रीती, म्हणजेच आत्मा. नंतरच्या काळातल्या बिशप ऑगस्टिनने पुष्कळ पानं लिहून हेच उलगडायचा प्रयत्न केला. म्हणजे देवाने आपल्याला निर्माण केलं ते त्याला करमत नव्हतं म्हणून नव्हे. त्याच्या घरात आधीपासून जे होतं त्यात आपल्याला घेतलं. हे सगळं सांगून गणित सुटत नाहीच. सुटलं असतं तर मलाच शंका आली असती.

आता तुझी गोष्ट. तुला वाटतं की असे प्रश्न पडणारी मुलगी ख्रिस्ती म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. मग पंडिता रमाबाईंचं काय करायचं? सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांची तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रापत्री चालली ती वाचावी अशी आहे. त्रैक्य, म्हणजे बाप, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव, हे मला पटत नाही, अथानासियसच्या नावाचा विश्वासांगीकार मी म्हणणार नाही, असं त्या सरळ सांगत होत्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड एवढ्या कष्टाने उतरवलं, ते आता दुसऱ्याचं घेणार नाही, हा त्यांचा बाणा. सिस्टर रागावल्या, दुखावल्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील मात्र त्यांच्याशी धीराने चर्चा करत राहिल्या. रमाबाई प्रश्न घेऊनच ख्रिस्तात राहिल्या. पुढे त्याच बाईंनी दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या पोरी-बायकांना गोळा करून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. 1922 साली देवाघरी जाईपर्यंत त्या कामातून उठल्या नाहीत. तेव्हा तू शंकांना घाबरू नकोस. शंका आली म्हणून बायबल मिटून ठेवलंस तर मात्र मला वाईट वाटेल.

देव कसा आहे हे कळण्याचा आणि आपण कसं जगतो याचा संबंध काय, हे मला लक्ष्मीबाई टिळकांकडून उमगलं. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही बाई संतापली, रडली, काही वर्षं वेगळी राहिली. नंतर त्यांच्याकडे आली तरी सोवळं सोडलं नव्हतं. मग एकदा विचार करताना तिच्या मनाने घेतलं की जात काही देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला ती तयार झाली. तिच्या धर्मशास्त्राची सुरुवात पाण्याच्या भांड्यापाशी झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

आणि आपण? तुझ्या मावसबहिणीचं जमवताना आपल्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने हळूच विचारलं होतं, "मूळचे कोण ते?" तू तेव्हा लहान होतीस. तीन पिढ्या ख्रिस्ती, रविवारी पुढच्या बाकावर, आणि प्रश्न हा. विश्वासांगीकार त्यांना तोंडपाठ आहे. तुझ्या न म्हणण्याची मला जेवढी काळजी वाटते त्याहून त्यांच्या म्हणण्याची जास्त वाटते.

मी नोकरीत होते तेव्हा रात्रपाळीत एक मोह नेहमी असायचा. पेशंट झोपलेला असतो, पाय दुखत असतात; थर्मामीटर न लावताच चार्टवर 98.4 लिहून टाकलं तर कोण बघणार? विश्वासूपणा म्हणजे मला आधी तो चार्ट आठवतो. उपास, साक्ष, सभा हे सगळं नंतर. तुझ्या प्रोजेक्टमध्ये सीनियर रीडिंग "जुळवून" लिहायला सांगतात म्हणालीस. नाही म्हण. भांडू नकोस, तक्रारीचा अर्जही लगेच नको, पण तुझ्या हाताने खोटा आकडा लिहू नकोस. मार्क कमी पडले तर मी पप्पांना सांभाळते. मीखा संदेष्टा तीनच गोष्टी मागतो, न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं आणि देवाबरोबर नम्रपणे चालणं, आणि त्यात पहिली ही आहे.

रविवारचं म्हणशील तर जात जा. विश्वासांगीकाराच्या वेळी उभी राहा आणि जे वाक्य तोंडून निघत नाही तिथे गप्प राहा. नायसियाच्या परिषदेने सुरुवातच "आम्ही विश्वास ठेवतो" अशी केली होती. शेजारचे म्हणतात तोवर तुझ्या वाटचंही म्हटलं जातं. उद्या त्यांच्यातल्या कुणाचा तरी आवाज बसेल तेव्हा तू म्हण.

नाताळला मैत्रिणीला घेऊन ये, तिच्या आईची परवानगी आधी काढ. करंज्यांना आणखी दोन हात हवेतच. मटण हलालचं आणायला पप्पांना सांगितलंय, पण ती खाते ना ते मला आधी कळव.

तुझी,
मम्मी