रायफल साफ करा, पण तोंडाकडून नको

संपादक महोदय,

पॅरिसला 2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या फोंड्याकडची पोरंही पॉइंट टू टू (.22 बोअरची रायफल) शिकायचं म्हणतायत, बरं वाटतं. पण बॅरलची, म्हणजे नळीची, निगा कशी राखायची ते त्यांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी स्वतः सुरुवातीला साफ करायचा रॉड नळीच्या तोंडाकडून घालायचो, आणि तीच मोठी चूक. गोळी बाहेर पडते ती कड रॉडने घासून जरा जरी बिघडली तरी नेम गेला, 50 मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं हो! म्हणून आधी रायफल रिकामी आहे ना ते बघायचं, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) काढायचा आणि मागून, रॉड सरळ ठेवणारा गाईड लावून, एकसंध रॉडने ओला पॅच (कापडाचा तुकडा) सरळ पुढे न्यायचा, मग कोरडे.

या गोळीचं शिसं मऊ असतं, वर मेणासारखं वंगण, त्याचा पातळ थर नळीत बसला की मार एकसारखा येतो. त्यामुळे रोज घासून नळी कोरी करू नका, साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातातच, त्या मॅचच्या आधीच मारून घ्या. खरी काजळी चेंबर (गोळी बसते ती जागा) संपतो तिथे कड्यासारखी धरते, तिथे मात्र ब्रश हवाच.

आणि आपल्या पावसाळ्यात रायफल फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका, गंज धरतो. तेलाचा हलका हात द्या, मारायच्या आधी कोरड्या पॅचने पुसा.

– एक नेमबाज, फोंडा