आधी नकाशा, मग टक्के

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा, असे डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या जागतिक जैवविविधता परिषदेत झालेल्या करारात ठरले. त्या आकड्याची चर्चा पुष्कळ होते. त्याच करारातले पहिले उद्दिष्ट मात्र फारसे कुणाच्या तोंडी नसते: जमीन असो वा समुद्र, सगळीकडचे नियोजन जैवविविधता लक्षात घेऊन करायचे. मला तेच अधिक मोलाचे वाटते. तीस टक्के नेमके कुठले, हे न ठरवता आकडा गाठायला निघालो तर कुणालाच नको असलेले उजाड सुळके यादीत जातील. नदीकाठ, पाणथळी आणि सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली माळराने बाहेरच राहतील.

नुसते राखीव करूनही भागत नाही. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, तेव्हा बारो कोलोरॅडो ही टेकडी पाण्याने वेढली जाऊन तिचे बेट झाले. १९२३ पासून तिथले जंगल राखीव आहे. तरीही पुढच्या काही दशकांत तिथून पक्ष्यांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. दाट झाडोऱ्यात, जमिनीलगत वावरणारे पक्षी एवढे पाणी ओलांडत नाहीत. असलेले संपले की नवे येत नाहीत. चौपदरी रस्ता किंवा कोसभर पसरलेली एकाच पिकाची शेती कित्येक जिवांना त्या पाण्यासारखीच असते.

कॅनडातल्या बान्फ उद्यानात महामार्गाला कुंपण घालून प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी मार्ग बांधले, तेव्हा वाहनांशी होणाऱ्या धडका ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. काम उत्तमच, पण रस्ता झाल्यानंतरचे. जर्मनीने १९७६ च्या कायद्याने निसर्गासाठी भूप्रदेशाचे आराखडे करायला सुरुवात केली. पुढे प्रत्येक राज्याने किमान १० टक्के भूभाग एकमेकांशी जोडलेल्या अधिवासांच्या जाळ्यासाठी ठेवावा, अशी तरतूदही आली. ओढ्याकाठची झाडी, शेताचे बांध, लहान तळी यांनाही अशा जाळ्यात स्थान मिळते.

हे काम एकेका गावाच्या हद्दीत होत नाही, त्याला अख्खे नदीखोरे नजरेसमोर लागते. आणि ते रस्त्यांची आखणी होण्याआधी, जमीन कसणाऱ्यांना सोबत घेऊन व्हायला हवे.

आपल्याला एक विनंती. प्रादेशिक आराखडा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हा त्याची बातमी चार ओळींत उरकू नये. नकाशा मोठा छापावा, त्यावर प्राण्यांचे भ्रमणमार्ग आणि ओढे दाखवावेत. हरकतीची मुदत संपण्याआधी तो लोकांपर्यंत पोहोचायला हवा.

आपला,
एक नियमित वाचक