कासवांची पिल्ले पाहुण्यांसाठी अडवू नका

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००६ पासून कासव महोत्सव होतो. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखली, आणि पुढे आंजर्ल्यासारखी गावेही या कामात उतरली. घरगुती निवास-न्याहारीमुळे चार पैसे गावात राहू लागले, हे उत्तमच. पण गर्दी वाढली की पिल्ले पाहुण्यांसमोर समुद्रात सोडण्याच्या 'शो'च्या वेळेपर्यंत राखून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

वाळूतून वर आलेल्या पिल्लाजवळ पोटात उरलेल्या बलकाचीच काय ती शिदोरी असते. पहिले काही तास ते सारखे वल्हे मारत राहते आणि त्याच जोरावर लाटा ओलांडून खोल पाणी गाठते. पहाटे निघालेले पिल्लू संध्याकाळपर्यंत टोपलीत ठेवले, तर तो जोर टोपलीच्या कडा खरवडण्यातच सरतो. मग ते काठाजवळच रेंगाळते आणि मासे, पक्षी टिपतात. म्हणून हॅचरीत, म्हणजे अंडी पुरून राखतात त्या कुंपणात, रात्रीही फेरी हवी आणि निघाली की पिल्ले लगेच सोडायला हवीत, कोणी बघायला असो वा नसो. रोज एकाच जागी सोडू नयेत; मासे तिथे टपून बसतात. पाण्यात नेऊन ठेवण्यापेक्षा ओल्या वाळूवर सोडावे, आठ-दहा मीटर त्यांचे त्यांना चालू द्यावे. मोबाइलचे फ्लॅश आणि किनाऱ्यावरचे दिवे बंद, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात.

पिल्ले निघण्याची तारीख कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू गार असेल तर जास्त. मार्च-एप्रिलमध्ये वाळू फार तापली तर अंडी दगावतात, आणि त्याहून कमी उष्णतेतही पिल्लांत माद्यांचे प्रमाण वाढते. हॅचरीवर सावलीची जाळी लागते ती यासाठी.

घरटे हलवायचेच असेल, तर अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवावे. उशीर झाला की गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, मग अंडे नुसते फिरले तरी तो मरतो. नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल, म्हणजे साधारण दीड फूट, आणि तळाशी सुरईसारखा रुंद असावा. हॅचरीची जागा दरवर्षी बदलावी. जुन्या वाळूत कुजलेल्या कवचांमुळे बुरशी आणि मुंग्या होतात.

घरमालकांनी बुकिंग घेतानाच 'पिल्ले दिसतीलच असे नाही' हे स्पष्ट सांगावे. आणि प्रवेशशुल्कातला ठरावीक हिस्सा रात्री फेरी घालणाऱ्या कासवमित्रांना दरमहा मिळावा, पिल्ले किती दिसली यावर तो अवलंबून नसावा.

— काही कासवमित्र, दापोली तालुका