चेनसॉचे इंच छापता, बाकीचे आकडेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या शेती पुरवणीत चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या इंजिनवरच्या करवतीची, माहिती येते, ग्रामपंचायतीने मशीन घेतल्याची फोटोसह बातमी येते. दोन्हींत मजकूर ठरलेला: '58 सीसी, 22 इंची'. एसटी डेपोतली मेकॅनिकची नोकरी संपल्यावर मी गुहागर तालुक्यात ग्रासकटर, फवारणी पंप आणि चेनसॉ दुरुस्त करतो. माझ्या बाकड्यावर येणाऱ्या बऱ्याच चेनसॉचं इंजिन ठणठणीत असतं. दुखणं असतं ते पट्टी (जिच्या कडेच्या खाचेतून चेन फिरते ती) आणि चेन यांच्या जोडीत.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. माड, पोफळी, जुने आंबे रस्त्यात आडवे पडले. तोवर हे मशीन लाकडाच्या ठेकेदाराकडेच दिसायचं, आता वाडीवाडीत आहे. घेतलं ते चांगलंच केलं. पण घेताना पट्टी किती लांब एवढंच विचारलं गेलं, आणि दुकानदारानेही तेवढंच सांगितलं. गाडीचा टायर घ्यायला जाऊन रिमचा आकडा न सांगता 'मोठातला द्या' म्हणावं, तशातली गत.

एका ग्रामपंचायतीचं मशीन माझ्याकडे आलं, सोबत कोऱ्या चेनी. मशीन 18 इंची, चेनीच्या डब्यांवरही 18 इंच. एकही बसेना. मशीनला हवी होती .325 इंच पिचची, 72 कड्यांची चेन आणि डब्यात होती तीन सुताची, म्हणजे 3/8 इंच पिचची, 62 कड्यांची. पिच कसा मोजायचा ते पुढे सांगतो. कडी म्हणजे पट्टीच्या खाचेत चालणारा आतला दात, इंग्रजीत ड्राइव्ह लिंक. पट्टी 18 इंचीच असली तरी मशीनप्रमाणे या कड्या 62, 66, 68, 72, 74 अशा कितीही असू शकतात. नुसत्या इंचावर चेन मागणाऱ्याच्या हाती काय पडेल याचा नेम नाही.

पाहायचे आकडे तीन. पहिला पिच. लागून असलेल्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. तिन्हींत साडेसोळा मिलिमीटर भरले तर .325, पाऊण इंच भरलं तर तीन सूत. दिसायला फरक जेमतेम, पण ज्या चाकावर चेन फिरते त्या स्प्रॉकेटला तो लगेच कळतो. चुकीची चेन त्यावर नीट बसत नाही, जबरदस्तीने चालवली तर दात खाते. पट्टीच्या टोकाला चाक असेल तर त्याचाही पिच तोच लागतो.

दुसरा गेज, म्हणजे खाचेत जाणाऱ्या कडीची जाडी: 1.3, 1.5 किंवा 1.6 मिलिमीटर. जाड कडी बारीक खाचेत शिरतच नाही, म्हणून ती चूक दुकानातच पकडली जाते. उलटी चूक वाईट. बारीक चेन रुंद खाचेत आरामात बसते, मग कापताना डुलते, काप तिरका जातो आणि भर कामात चेन उतरते. मी टॅपेट लावायच्या फिलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी, खाच मोजतो, डेपोतली सवय.

तिसरा कड्यांचा आकडा. तो मोजूनच घ्यावा. हे तिन्ही आकडे बहुतेक पट्ट्यांवर मशीनकडच्या टोकाला कोरलेले असतात, तेलाची काजळी पुसली की दिसतात.

आता 22 इंचाच्या हौसेबद्दल. या 58 सीसीच्या मशीनला 22 इंची पट्टी लावली की साधारण 86 कड्यांची चेन येते, म्हणजे दोन कड्यांमागे एक या हिशेबाने लाकूड कापणारे 43 दात कानसायचे. 18 इंचीला 36. माडाचं खोड बाहेरून कठीण, त्यात आमच्याकडे समुद्रकाठची वाळू. चेन एकदा वाळूला लागली की धार गेली. लांब पट्टीला तेलही जास्त लागतं, आणि बोथट चेन रेटत बसलं की क्लच तापतो. पट्टीपेक्षा जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो. बागेतल्या कामाला 16 ते 18 इंच भरपूर, नुसत्या फांद्यांना 14. लांब पट्टीचं टोक दुसऱ्या फांदीला नकळत लागण्याची भीतीही जास्त. टोकाचा वरचा भाग लागला तर मशीन उसळून अंगावर येतं, म्हणून चेन जागीच थांबवणारा चेन ब्रेक चालतो का ते दुकानातच बघावं.

कानशीसुद्धा जोडीनेच घ्यावी लागते. .325 ला 4.8 मिलिमीटरची, छोट्या मशीनवरच्या तीन सुताच्या बुटक्या चेनीला 4 मिलिमीटरची. एकच कानस सगळ्याला चालवणारे आहेत, त्यांच्या चेनी ओळखू येतात. आणि पट्टीच्या तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतू नका म्हणून मी सांगून दमलो. त्यातला धातूचा बारीक चुरा पंपात जातो.

आपल्याकडे मागणी साधी आहे. पुरवणीत चेनसॉची माहिती छापाल तेव्हा सीसी आणि इंचांच्या शेजारी पिच, गेज आणि कड्या छापा. कंपन्यांकडून जाहिरात घेतानाही हे आकडे मागा. ग्रामपंचायतींनी दरपत्रक मागवतानाच ते लिहावेत, जादा चेन, कानस आणि स्प्रॉकेट त्याच आकड्यांचं बिलावर उतरवून घ्यावं आणि एक चेन दुकानदाराकडून समोर चढवून घ्यावी. दहा मिनिटांचं काम आहे, मेमध्येच करण्यासारखं. रस्त्यावर माड पडल्यावर, तेही वीज गेलेली असताना, चिपळूणहून चेन येत नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी