सोळा अंक वाचून घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी आपल्याकडे आले तेव्हा मी चार दिवस एकाच चुकीपुढे हतबल झाले होते. माझ्या प्रोग्राममधून निघणाऱ्या यादीत काही खात्यांचा क्रमांक एकाने कमी किंवा जास्त येत होता, आणि कुणाचे पैसे भलत्याच्या खात्यात जातील या धास्तीने माझी झोप उडाली होती. कचेरीतल्या एका वरिष्ठांनी यादी न उघडताच 'टाइप करताना चुकले असेल' म्हणून माझी बोळवण केली. दुसऱ्यांनी तर माझा पाया कच्चा असल्याचे चारचौघांत सुनावले. तो पाया पक्का करून द्यावा, असे मात्र त्यांच्या मनात आले नाही.

आपण संगणकाला हातही लावला नाही. चौकटीची वही पुढे ओढलीत, 'एकेक अंक मोठ्याने वाच' म्हणालात आणि मी वाचत गेले तसे मूळचे सोळा अंक व यादीतले सोळा अंक एकाखाली एक मांडत गेलात. बारा खाती लिहून झाली तेव्हा आपण पेन्सिलीने शेवटच्या रकान्याला नुसते गोल केलेत, आणि मला दिसले: चुकलेला प्रत्येक क्रमांक ९१ ने सुरू होणारा आणि विषम होता.

माझा प्रोग्राम ज्या जावास्क्रिप्ट भाषेत होता, तिच्यातली साधी संख्या ६४ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ६४ घरांत, अपूर्णांकांच्याच पद्धतीने साठवली जाते आणि तिच्या अंकांना ५३ बिटांइतकीच अचूकता मिळते, हे आपण त्यानंतर समजावलेत. म्हणून ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३ वा घात, ओलांडला की सोळा अंकांत फक्त सम संख्यांना जागा उरते. शेवटी ३ लिहिला तरी २ किंवा ४ च उमटतो, आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. फाइलमध्ये मजकूर म्हणून सुखरूप आलेला क्रमांक मीच संख्येत बदलला होता.

मोठ्या पूर्णांकांसाठीचा बिगइंट हा संख्याप्रकार वापरू का, असे मी विचारले. त्यात सोळा अंक टिकतील, पण क्रमांकाच्या आरंभीची शून्ये तरीही गळतील, हे दाखवून आपण म्हणालात, "खाते क्रमांकाची बेरीज कधी करणार आहेस का? मग तो आकडा नव्हे, ते नाव आहे." कोबोल या जुन्या संगणकभाषेत उमेदवारी केलेल्या माणसाला रकाना अंकांचा की अक्षरांचा हे आधीच जाहीर करावे लागे, ती शिस्त आपण एका वाक्यात माझ्या हाती दिलीत.

काका, ज्ञान असलेली माणसे मला पुष्कळ भेटली. समोरच्याचे अंक स्वतःच्या हाताने उतरवून घेण्याइतका धीर असलेली फार थोडी भेटली, आणि शिकणाऱ्याला आधी तीच लागतात.

क्रमांक आता आरंभापासून अखेरपर्यंत मजकूर म्हणूनच राहतो. सोमवारी मी त्याच बारा खात्यांची नवी यादी आपल्या वहीच्या पानाशेजारी ठेवून, एकेक अंक मोठ्याने वाचून पडताळली. बाराही जुळली.

आपली कृतज्ञ,
शेजारची मुलगी