जांभळ्या वेलीचा पहिला हिवाळा

मिनिॲपोलिस,
5 डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की उणे पंचवीस-तीसच्या थंडीत वेल जगते तरी कशी, आणि मी तिच्यावर नक्की काय घातलंय. नीट सांगायच्या आतच आईने फोन घेतला, म्हणून लिहायला बसले. तुम्ही द्राक्षवाले, तुम्हाला यातलं बरंचसं चटकन पटेल.

वेल क्लेमॅटिसची आहे, जात जॅकमॅनी. इंग्लंडात वोकिंग म्हणून गाव आहे, तिथल्या जॅकमन नर्सरीत 1858 साली केलेल्या संकरातून ही आली. फूल गडद जांभळं, तळहाताएवढं. कोकणात उतरताना घाटात पावसाळा सरला की पांढऱ्या फुलांची मोरवेल झुडपांवर पसरलेली दिसते ना, तिच्याच कुळातली ही. हिला द्राक्षासारखी बाळी, म्हणजे आधाराला वेढा घालणारा तंतू, नसते. पानाचा देठच तारेला वेढा घालून वर चढतो. मे महिन्यात लावली, म्हणजे हा तिचा पहिलाच हिवाळा. चिठ्ठीवर ‘झोन 4’ लिहिलं होतं, म्हणजे उणे 34 पर्यंत टिकणारी. पण ते मुरलेल्या वेलीचं झालं. हिची मुळं अजून वरच्या वीतभर मातीतच आहेत.

बाबा, एकदा गाढ झोपलेल्या वेलीला नुसती थंडी सहसा मारत नाही. जमीन गोठते, सुटते, पुन्हा गोठते, ते मारतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे दुपारी लख्ख ऊन पडतं, वरची माती सुटते आणि रात्री पारा उणे बारावर जातो. पाण्याचं बर्फ झालं की ते सुमारे 9 टक्के फुगतं. मातीत बर्फाचे थर धरतात, जमीन वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर कोवळं रोपही. तंतुमुळं तटातट तुटतात, मुळांचा गड्डा उघडा पडतो, मग कोरडा वारा उरलंसुरलं सुकवून टाकतो. मुरलेल्या वेलीची मुळं खोल गेलेली असतात, ती तग धरते. पहिल्या वर्षाची वेल अशीच जाते.

म्हणून पांघरूण घालायचं ते उबेसाठी नाही. तुम्ही बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीच्या उंच वाफ्यावर, पाचट पसरता ते ओल धरून ठेवायला. मी पानं पसरते ती गोठलेली जमीन वसंतापर्यंत गोठलेलीच राहावी म्हणून. त्यामुळे घाई करून चालत नाही. लवकर झाकलं तर जमीन उबदार राहते, वेल झोपायला उशीर करते आणि उंदीर आत बिऱ्हाड थाटतात. नोव्हेंबरभर मी रोज संध्याकाळी खुरपं टोचून बघत होते. गेल्या आठवड्यात ते खणकन वाजलं, आत जाईना, तेव्हा दुसऱ्या दिवशी पानं घातली. ओकचीच घातली. मेपलची पानं भिजली की एकमेकांना चिकटून थापी होते, आत हवा खेळत नाही. ओकची कुरकुरीत, वाकडी राहतात. चार-पाच बोटं जाडीचा थर, वर थोडा पेंढा, आणि बुंध्याभोवती दोन बोटं मोकळी.

खरी राखण मात्र लावतानाच होते. कुंडीत होती त्यापेक्षा तीन बोटं खोल लावली. बुंध्याचे खालचे डोळे, म्हणजे जिथून नवी फूट येते ते कोंब, मातीखाली गेले. वरची काडी पार वाळून गेली, सशाने खाल्ली, तरी खालून फुटवा येतो. ऑगस्टच्या मध्यापासून नत्राचं खत बंद केलं, म्हणजे कोवळी फूट थांबून काडी पिकते. काडी कशी पिकली पाहिजे हे तुम्हाला मी काय सांगणार! पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत देत राहिले. माती कोरडी असली तर मूळ थंडीत लवकर मरतं.

सशांचा इथे फार उपद्रव. हिवाळ्यात हिरवं काही उरत नाही, मग ते काडी जमिनीलगत तिरकी कापून नेतात, सुरीने कापल्यासारखी. त्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी गोल उभी केली आहे, तळ मातीत पुरून. बर्फ साचला की ससा त्यावर उभा राहून वरचंही खातो, म्हणून जाळी कमरेइतकी उंच ठेवली.

आणि बर्फ आपला वैरी नाही, बाबा. त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे हातभर बर्फाखालची जमीन वरच्या हवेपेक्षा कितीतरी कमी गारठते. 30 जानेवारी 2019 ला या शहरात पारा उणे 33 पर्यंत उतरला होता. अशा दिवशी अंगावर बर्फ असलेलं झाड उघड्या झाडापेक्षा सुखी. अंगण साफ करताना स्वच्छ बर्फ मी फावड्याने वेलीच्या आळ्यात टाकते. फूटपाथवरचा मात्र टाकत नाही, त्यात मीठ असतं.

वाळलेल्या काड्या तारेवर तशाच ठेवल्या आहेत. काल जवळून पाहिल्या. साल तपकिरी, उभ्या पट्ट्यांनी सुटलेली, आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन डोळे, घट्ट मिटलेले. त्यातले जिवंत कुठले ते एप्रिलमध्येच कळेल. तेव्हा पानं एकदम न काढता थोडी थोडी बाजूला करायची, आणि डोळे फुगले की जमिनीपासून हातभरावर, सशक्त जोडीच्या वर छाटायचं. ही जात नव्या फुटीवरच फुलते, त्यामुळे एवढं खाली कापायला जीव कचरत नाही. मे उजाडला तरी हालचाल दिसली नाही तर उपटायचं नाही, हेही मनाशी ठरवलं आहे. मातीखालचे डोळे उशिरा जागे होतात.

तुमची द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी आणि माझी छाटणी एकाच महिन्यात येतील असं दिसतंय. तेव्हा व्हिडिओ कॉल लावा, कट कुठे घ्यायचा ते बघून सांगा. इथे उन्हाळ्यात कधी कधी भुरीही, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते. तुम्ही गंधक कसं धुरळता तेही तेव्हाच विचारीन.

आईला नमस्कार. दादाला म्हणावं, या वर्षी बेदाणा आधी घरात ठेवा, मग बाजारात न्या.

तुमची,
धाकटी