जीटी ७१० ग्राफिक्स कार्डवर एन्व्हिडियाचा ५३५ ड्रायव्हर लादणारे आपले अपडेट टूल दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक साहाय्य विभाग

विषय : उबुंटू २२.०४ वरून २४.०४ केल्यानंतर डेस्कटॉपवर आलेला व्हिडिओचा बिघाड

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीने एन्व्हिडियाचे जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड आणि उबुंटू ही लिनक्स सिस्टिम घालून विकलेल्या डेस्कटॉपवर आपल्याच अपडेट टूलने २४.०४ बसवले. तेव्हापासून स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकली आहे, दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही आणि व्हिडिओ लावला की प्रोसेसरवर पूर्ण ताण येऊन चित्र अडखळते. साहाय्य विभागाने आधी केबल बदलायला सांगितली, मग ग्रबमध्ये (सिस्टिम सुरू करणाऱ्या बूट मेनूत) ‘नोमोडसेट’ हा ग्राफिक्स ड्रायव्हरला स्क्रीनचा ताबा घेऊ न देणारा पर्याय घालायला आणि शेवटी सगळी सिस्टिम पुसून नव्याने बसवायला. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. शेवटचा तर घातक आहे: ग्राहकाचा डेटा जातो आणि आपले टूल पुन्हा तोच ड्रायव्हर बसवते.

खरे कारण ‘डीमेसेग’मध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) संदेशांच्या नोंदीत, स्पष्ट येते: हे कार्ड ४७०.एक्सएक्स या लेगसी, म्हणजे जुन्या कार्डांसाठीच्या, ड्रायव्हरवर चालते. जीटी ७१० केप्लर पिढीचे आहे आणि एन्व्हिडियाने ४७० च्या पुढच्या शाखांतून केप्लर वगळले आहे. आपली स्क्रिप्ट मात्र कार्ड न तपासता सरसकट ५३५ टाकते. त्याचे मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हरचा भाग) हे कार्ड स्वीकारत नाही, आणि त्याच पॅकेजने नूवो हा लिनक्सचा मुक्त ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केल्यामुळे तोही लोड होत नाही. मग उरतो तो फक्त फर्मवेअरने दिलेला फ्रेमबफर, म्हणजे चित्र दाखवण्याची प्राथमिक सोय. त्याला एकच रिझोल्यूशन, एकच मॉनिटर, आणि चित्र काढण्याचे सारे काम एलएलव्हीएमपाइप या सॉफ्टवेअरमार्फत कार्डाऐवजी प्रोसेसरवर. ग्रबमधून जुना ५.१५ कर्नल निवडला तरी फरक पडत नाही, कारण ड्रायव्हर तिथेही ५३५ च असतो. ‘नोमोडसेट’ राहिले तर नूवोचा मार्गही बंद होतो.

उपाय असा आहे, तो आपल्या विभागाने ग्राहकांना द्यावा. कंट्रोल-आल्ट-एफ३ ने टेक्स्ट कन्सोलवर जाऊन एन्व्हिडियाची ५३५ ची सगळी पॅकेजेस ‘पर्ज’ करावीत (सेटिंग्जसह काढून टाकावीत). ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) आणि ‘एन्व्हिडिया-ड्रायव्हर-४७०’ बसवावेत. ग्रबमधून ‘नोमोडसेट’ काढून ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. रीबूटपूर्वी ‘डीकेएमएस स्टेटस’ (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाचा अहवाल) पाहणे आवश्यक आहे: ६.८ कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ हवे. नुसते ‘अ‍ॅडेड’ असेल तर मॉड्यूल बांधलेच गेलेले नाही, बहुधा त्या कर्नलचे हेडर्स नसल्यामुळे. सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर बसवताना पासवर्ड मागितला जातो, आणि रीबूटवर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (सहीची किल्ली नोंदवण्याचा पर्याय) निवडून तोच द्यावा लागतो. ही पायरी चुकली तर नीट बांधलेले मॉड्यूलही कर्नल नाकारतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. शेवटी तपासणीसाठी ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ या कमांडमध्ये ४७० दिसावे आणि ‘जीएलएक्सइन्फो -बी’ या कमांडमध्ये एलएलव्हीएमपाइप दिसू नये.

माझ्या मागण्या :

स्क्रिप्टने ड्रायव्हर निवडण्याआधी ‘एलएसपीसीआय -एनएन’ या हार्डवेअरची यादी देणाऱ्या कमांडमधील कार्डाचा आयडी तपासावा. या कार्डाचा आयडी १०डीई:१२८बी आहे. तोवर अशा मशीन्ससाठी २४.०४ वर अपडेट करण्याची सूचना थांबवावी आणि ‘नोमोडसेट’चा सल्ला मागे घ्यावा.

४७० शाखेचा आधारही २०२४ मध्ये संपला आहे, म्हणजे पुढच्या एखाद्या कर्नलवर हा उपायही चालणार नाही. हे कार्ड आपण निवडून विकले आहे. त्यामुळे ते चालू ड्रायव्हरचा आधार असलेल्या कार्डाने बदलून द्याल, की २२.०४ वर विनाशुल्क परत नेऊन द्याल, हे लेखी कळवावे.

‘डीमेसेग’ व ‘डीकेएमएस स्टेटस’चे लॉग सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक